डॅव्हरॉस: सर्वात फसलेल्यापासून सर्वात जमलेल्यापर्यंत

डॅव्हरॉसला चालता येत नाही, स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नाही आणि त्याचा एकच हात धड आहे. ज्या सैन्याच्या जोरावर तो विश्व जिंकायला निघतो, ते सैन्य संधी मिळताच त्याच्यावर उलटतं. तरी ‘डॉक्टर हू’च्या लेखकांनी त्याला १९७५ पासून २०२३ पर्यंत आठ वेळा पडद्यावर आणलं. यातल्या काही खेपा अशा आहेत की आजही पाहताना अंगावर काटा येतो. काही अशा, की हा मनुष्य मेलेलाच राहिला असता तर बरं झालं असतं असं वाटतं. पात्र एकच असताना एवढा फरक का पडतो, हे समजून घ्यायला आठही खेपा खालून वर लावून पाहणं हा सोपा मार्ग आहे. शेवट सगळे सांगून टाकणार आहे, तेव्हा ज्यांना कोरी पाटी ठेवून बघायचंय त्यांनी इथेच थांबावं.

ज्यांनी ही मालिका पाहिलेलीच नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, १९८९ मध्ये बंद पडली आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. नायक ‘डॉक्टर’ हा गॅलिफ्रे ग्रहावरचा टाइम लॉर्ड. बाहेरून निळ्या पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या यानातून तो काळात आणि अवकाशात कुठेही जातो. मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, म्हणजे नट बदलतो आणि मालिका चालू राहते. डालेक हे त्याचे सर्वात जुने शत्रू. स्कारो ग्रहावरचे हे लिबलिबीत, विकृत जीव चिलखती गाडीसारख्या कवचात बसून फिरतात आणि आपल्यापेक्षा वेगळं जे जे काही आहे ते नष्ट करायला निघालेले असतात. ते १९६३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा दिसले आणि ब्रिटनमधल्या मुलांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

डालेकांची अडचण अशी की त्यांच्याशी बोलता येत नाही. ते हुकूम सोडतात, धमक्या देतात आणि गोळी घालतात. अर्धा तास हे भीतिदायक वाटतं, चार भाग चाललं की कंटाळा येतो. त्यांचा निर्माता टेरी नेशन १९७० च्या दशकात पुन्हा त्यांच्यावर लिहायला बसला, तेव्हा निर्माते बॅरी लेट्स यांनी त्याला सुचवलं की नेहमीचीच गोष्ट परत सांगण्यापेक्षा डालेक जन्मले कसे ते सांग. त्यातून डॅव्हरॉस आला. डालेक घडवणारा शास्त्रज्ञ. कंबरेखाली डालेकाच्याच कवचाचा खालचा भाग, वर सुरकुतलेलं, भाजून निघाल्यासारखं डोकं, कपाळावर डोळ्याच्या जागी चमकणारा निळा दिवा. अर्धा माणूस आणि अर्धा डालेक, आणि मुख्य म्हणजे बोलणारा. वाद घालणारा, खोटं बोलणारा, समोरच्याला बोलण्यात गुंडाळणारा.

मात्र एक प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला. बोलका मालक आला की डालेक आपोआप त्याचे हरकामे होतात. दुसरीकडे डालेकांचं तत्त्वच असं आहे की जो डालेक नाही तो हीन, आणि डॅव्हरॉस डालेक नाही. म्हणजे त्याने जन्माला घातलेला भस्मासुर त्याच्या डोक्यावर हात ठेवायला कायम तयार. हा पेच प्रत्येक लेखकाला सोडवावा लागतो. माझी मोजपट्टी यातूनच निघते: त्या कथेत डॅव्हरॉसला कुणाशी तरी खरं संभाषण करायला मिळतं का, आणि डालेकांशी असलेल्या नात्यातून काही निष्पन्न होतं का. कथा उत्तम आणि डॅव्हरॉस उत्तम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे क्रमवारी डॅव्हरॉसची आहे. ज्या कथेवर मी जीव टाकतो ती मध्येच कुठेतरी घसरलेली दिसेल, त्याचं कारण हेच.

तळाला १९७९ ची ‘डेस्टिनी ऑफ द डालेक्स’, याबद्दल मला तरी शंका नाही. कल्पना कागदावर हुशार आहे. डालेक आणि मूव्हेलन नावाचे यंत्रमानव यांचं युद्ध अडकून पडलंय, कारण दोन्ही बाजूंचे संगणक तोडीस तोड तर्क लढवतात आणि कुणीच पहिली चाल करत नाही. कोंडी फोडायला तर्काबाहेरचं डोकं हवं, म्हणून डालेक स्कारोवर उत्खनन करून आपल्या निर्मात्याला बाहेर काढतात. डॉक्टर हा मुद्दा मूव्हेलनांना दगड-कागद-कात्री खेळून समजावतो. दोन मूव्हेलन एकमेकांशी खेळले की प्रत्येक डाव बरोबरीत, डॉक्टरशी खेळले की प्रत्येक डावात हार. हा तुकडा खरोखर मजेचा आहे, आणि तेव्हा पटकथा-संपादक ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’वाला विनोदी लेखक डग्लस ॲडम्स होता हे कळलं की आश्चर्यही वाटत नाही.

पण डॅव्हरॉस? आधीचा नट मायकेल विशर उपलब्ध नव्हता, म्हणून डेव्हिड गुडरसनला घेतलं आणि विशरच्या मापाने बनवलेला जुना मुखवटाच त्याला चढवला. तो त्याला बसत नाही हे सरळ दिसतं. ओठ एकीकडे हलतात, रबर दुसरीकडे. ज्या पात्राकडे आवाज आणि तोंड सोडून काही नाही, त्याचं तोंडच अडवल्यावर उरणार काय? भरीस भर म्हणजे डॉक्टर एका प्रसंगात त्याची खुर्ची सामानाच्या गाडीसारखी ढकलत बोळातून पळवतो. विश्वातला सर्वात क्रूर बुद्धिमंत, आणि कुणीही यावं, ढकलून न्यावं. त्यात ही कथा डालेकांना जवळजवळ यंत्रमानवच ठरवून टाकते, त्यामुळे कवचाच्या आत जीव आहे ही मूळ भीतीही गेली. गुडरसनचा दोष नाही. त्या मुखवट्यात कुणालाही घातलं असतं तरी हेच झालं असतं.

त्याच्या एकच पायरी वर २०२३ चा ‘डेस्टिनेशन: स्कारो’. ‘चिल्ड्रन इन नीड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी केलेला सुमारे पाच मिनिटांचा गमतीचा तुकडा. इथे ज्युलियन ब्लीचचा डॅव्हरॉस जायबंदी होण्याच्या आधीचा आहे: दोन पायांवर चालणारा, चेहरा शाबूत. डॉक्टर चुकून तिथे येऊन आदळतो आणि डालेकाला हाताच्या जागी तो प्रसिद्ध प्लंजर, म्हणजे तुंबलेली मोरी मोकळी करायचा रबरी दट्ट्या, मिळतो. विनोद ठीक आहे. चर्चा झाली ती वेगळ्याच कारणाने. मालिकेचे प्रमुख लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी सांगितलं की अपंगत्वाची सांगड दुष्टपणाशी घालण्याची कथाकारांची जुनी सवय त्यांना चालू ठेवायची नव्हती, म्हणून खुर्ची नाही. चाहत्यांत यावर दोन तट पडले. मला आक्षेपात तथ्य वाटतं. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाला पडद्यावर खुर्चीत दिसणारा माणूस दर वेळी राक्षसच निघत असेल तर त्यावर बोलायलाच हवं. उलट बाजूचा युक्तिवाद असा की डॅव्हरॉस अपंग असल्यामुळे दुष्ट नाही, आणि ही खुर्ची व्हीलचेअरपेक्षा डालेकाचा अर्धा तुकडा म्हणून जास्त ओळखली जाते. हा वाद पाच मिनिटांच्या विनोदी तुकड्याने मिटणार नव्हता आणि मिटला नाही. क्रमवारीपुरतं बोलायचं तर त्याला इथे करायला काही दिलेलंच नाही, एवढं पुरे.

मग १९८४ ची ‘रिझरेक्शन ऑफ द डालेक्स’. लेखक एरिक सॉवर्ड. हिवाळी ऑलिंपिकमुळे वेळापत्रक बदललं आणि चार भागांऐवजी दोन लांबलचक भाग दाखवले गेले. इथपासून टेरी मॉलॉय हा नट आला, आणि १९८० च्या दशकातला डॅव्हरॉस तिन्ही वेळा त्यानेच केला. बीबीसी रेडिओवरच्या ‘द आर्चर्स’ या दीर्घ मालिकेतलं त्याचं काम ब्रिटिश श्रोत्यांना वर्षानुवर्षं परिचयाचं होतं. नुसत्या आवाजावर माणूस उभा करणं हा त्याचा रोजचाच व्यवसाय, तेव्हा निवड अचूक होती.

कथा मात्र म्हणजे प्रेतांचा खच. अवकाशातल्या तुरुंगात नव्वद वर्षं गोठवून ठेवलेल्या डॅव्हरॉसला डालेक सोडवतात, कारण मूव्हेलनांनी सोडलेल्या विषाणूने त्यांना संपवत आणलंय आणि उतारा त्यांना स्वतःला शोधता येत नाही. तो उतारा शोधतो म्हणतो आणि शोधता शोधता खुर्चीत लपवलेल्या सुईने एकेकाला आपल्या ताब्यात घेत सुटतो. हा भाग चांगला आहे, कारण इथे त्याचा कावा दिसतो. पण त्याच्या आजूबाजूला भाडोत्री सैनिक, माणसांच्या नकला, लंडनच्या गोदीतलं काळाचं भुयार आणि टाइम लॉर्डांवर हल्ल्याचा कट असं इतकं काही कोंबलंय की तो एका प्रयोगशाळेत अडकून पडतो आणि कथा त्याला वळसा घालून पुढे जाते. लक्षात राहतो तो एकच प्रसंग. पीटर डेव्हिसनचा सौम्य डॉक्टर हातात पिस्तूल घेऊन त्याला मारायला येतो, समोर उभा राहतो, आणि डॅव्हरॉस बोलायला लागतो. बोलतच राहतो. पिस्तूल रोखलेलं, पण चाप ओढला जात नाही. डॉक्टर क्षणभर बाहेर जातो, दार बंद होतं आणि संधी गेली. अख्ख्या कथेत असे पाच प्रसंग असते तर हिला मी वर बसवलं असतं.

पुढची निवड काही जणांना खटकेल. १९८८ ची ‘रिमेम्बरन्स ऑफ द डालेक्स’ ही माझ्या मते मालिकेतल्या सर्वोत्तम डालेक-कथांपैकी एक. बेन ॲरोनोविचने ती मालिकेच्या पंचविसाव्या वर्षी लिहिली आणि गोष्ट नेली थेट १९६३ च्या लंडनमध्ये, कोल हिल शाळेत, जिथून मालिका सुरू झाली होती. डालेकांचे दोन तट एकमेकांशी लढतायत, एक पांढरा-सोनेरी आणि एक करडा, आणि भांडण रक्तशुद्धीवरून. याच काळातल्या लंडनमधल्या एका घराच्या खिडकीत कृष्णवर्णीयांना खोली मिळणार नाही अशी पाटी डॉक्टरबरोबर फिरणारी एस नावाची मुलगी वाचते, आणि लेखकाला काय म्हणायचंय ते एकाही भाषणाशिवाय कळतं. पहिल्या भागाच्या शेवटी डालेक जिना चढून वर येतो. डालेकांना जिने चढता येत नाहीत हा वर्षानुवर्षं चाललेला विनोद तिथे संपला.

आणि डॅव्हरॉस? तो येतो थेट चौथ्या भागात. तोवर करड्या डालेकांच्या तळावर एक पाठमोरी आकृती डालेकासारख्या खुर्चीत बसलेली दाखवून प्रेक्षकांना चकवलंय. ती निघते एक लहान मुलगी. खरा डॅव्हरॉस पांढऱ्या डालेकांच्या सम्राटाच्या भल्यामोठ्या गोल डोक्यातून बाहेर येतो. गुपित फुटू नये म्हणून आधीच्या भागाच्या श्रेयनामावलीत मॉलॉयच्या नावातली अक्षरं फिरवून ‘रॉय ट्रॉमेली’ असं नाव छापलं होतं. चकवा झकास. पण त्यानंतर त्याच्या वाट्याला येतात जेमतेम काही मिनिटं, तीही पडद्यावरून डॉक्टरशी ओरडण्याची. डॉक्टर त्याला मुद्दाम डिवचतो, तो डिवचला जातो, सूर्य फोडू शकणारं शस्त्र डागतो आणि त्यात स्वतःचाच ग्रह जाळून बसतो. एवढ्या कावेबाज माणसाला इतक्या सहज फसवणं मला कधी पचलं नाही. कथा पहिल्या तीनांतली, डॅव्हरॉस पाचव्या क्रमांकाचा.

चौथ्या क्रमांकावर २००८ ची जोडकथा, ‘द स्टोलन अर्थ’ आणि ‘जर्नीज एंड’. वीस वर्षं तो पडद्यावर नव्हता. रसेल टी. डेव्हिस यांनी त्याला परत आणताना जुना पेच बरोब्बर ओळखला. डालेकांची नवी पिढी घडवायला डॅव्हरॉसने स्वतःच्या शरीरातल्या पेशी दिल्यात. तो अंगावरचं वस्त्र बाजूला करतो तेव्हा आत बरगड्या आणि धडधडणारं हृदय उघडं दिसतं. एवढं करूनही डालेक त्याला तळघरात ठेवतात, हुकूम लाल रंगाचा सर्वोच्च डालेक सोडतो, आणि डॉक्टर त्याला तोंडावर सांगतो की तू यांचा पाळीव प्राणी आहेस. बाप आपल्याच घरात अडगळीत पडलेला. बापलेकांचं हे नातं इतक्या उघडपणे आधी कुणी मांडलं नव्हतं.

ज्युलियन ब्लीचचा आवाज हे या कथेचं दुसरं भाग्य. त्याचा डॅव्हरॉस पुष्कळ वेळ जवळजवळ कुजबुजतो, चवीने, शब्द जिभेवर घोळवत. डॉक्टरची जुनी सोबतीण सारा जेन स्मिथ हिला तो ओळखतो तो क्षण पाहा. १९७५ च्या पहिल्या कथेत ती स्कारोवर होती, आणि तेहतीस वर्षांनी तीच अभिनेत्री, एलिझाबेथ स्लेडन, त्याच्यासमोर उभी आहे. मग तो डॉक्टरवर आरोप ठेवतो: तू स्वतः हातात शस्त्र घेत नाहीस, साध्या माणसांना शस्त्र बनवतोस. डॉक्टरसाठी आजवर मेलेल्यांचे चेहरे एकामागून एक येऊन जातात आणि डॉक्टर झालेल्या डेव्हिड टेनंटकडे उत्तर नसतं. खलनायक खरं बोलायला लागला की नायकाची पंचाईत होते, ती अशी.

मग हा चौथाच का? कारण त्याचा बेत. विश्वातलं, किंबहुना सगळ्या विश्वांमधलं सगळं पदार्थरूप एका बॉम्बने विरघळवून टाकायचं. सत्तावीस ग्रह त्यासाठी चोरलेत. धोका एवढा मोठा केला की तो वाटेनासाच होतो. शिवाय पाचसहा जुन्या पात्रांचं संमेलन भरलेलं, त्या गर्दीत डॅव्हरॉसच्या वाट्याला येणारी शांतता कमीच.

१९८५ ची ‘रेव्हलेशन ऑफ द डालेक्स’ तिसरी. हिचाही लेखक सॉवर्डच. वर्षभरापूर्वी ज्याने डॅव्हरॉसला कोपऱ्यात टाकलं, त्यानेच या वेळी त्याला स्वतःचं दुकान काढून दिलंय. नेक्रॉस ग्रहावर ‘ट्रँक्विल रिपोज’ नावाची संस्था आहे. श्रीमंत माणसं असाध्य आजार झाला की इथे स्वतःला गोठवून घेतात, उपचार सापडेपर्यंत. डॅव्हरॉस इथे ‘महान वैद्य’ म्हणून मिरवतो. गोठवलेल्यांपैकी जे हुशार आणि महत्त्वाकांक्षी असतील त्यांचे तो डालेक बनवतो. बाकीच्यांपासून उपाशी आकाशगंगेसाठी अन्न तयार करून विकतो. उपासमार मिटवल्याबद्दल लोक त्याला दुवा देतात. आपण काय खातोय हे त्यांना ठाऊक नाही.

इथे तो विश्व जिंकायला निघालेला नाही, नफा कमावतोय. भागीदार बाई त्याचा काटा काढायला मारेकरी पाठवते, तेही एक नाणावलेला, सरदारी थाटाचा मारेकरी आणि त्याचा घाणेरडा सेवक अशी जोडगोळी. संस्थेचा लंपट मुख्य अधिकारी, त्याच्यावर एकतर्फी जीव लावणारी कर्मचारी, कंटाळलेल्या गोठलेल्यांसाठी जुनी गाणी लावणारा निवेदक. ही सगळी वल्ली आणि त्यांच्या आशाआकांक्षांशी खेळणारं, काचेच्या नळकांड्यात गरगर फिरणारं डॅव्हरॉसचं मुंडकं. त्या कर्मचारी बाईला तो ज्या पद्धतीने चुचकारतो, पढवतो आणि ज्याच्यावर तिचं प्रेम आहे त्याच्याच जिवावर उठवतो, तो भाग मॉलॉयच्या कामाचा कळस आहे. आवाजात मध आहे, आणि मधाखाली काय आहे ते आपल्याला माहीत असतं. ते मुंडकं नुसता देखावा होता, खरा डॅव्हरॉस सुखरूप आहे, हे शेवटी कळतं. झटापटीत त्याच्या हाताची बोटं उडतात. २००८ मध्ये त्याचा हात धातूचा का आहे, हे ज्यांनी ही कथा पाहिली त्यांना न सांगता समजलं. दोन्ही कथांचा दिग्दर्शकही एकच, ग्रॅम हार्पर.

आणखी एक दृश्य, ज्यासाठी कमजोर काळजाच्यांनी तयारीत बसावं. पारदर्शक काचेचा डालेक. आत एका शास्त्रज्ञाचं लाल, सुजलेलं, अर्धं बदललेलं डोकं. त्याची मुलगी समोर आहे. तो एका वाक्यात बाप असतो, तिला मला मारून टाक म्हणतो, आणि पुढच्या वाक्यात डालेकांचं श्रेष्ठत्व घोकायला लागतो. डॅव्हरॉस त्या खोलीत नाही, पण त्याने काय केलंय ते याहून स्पष्ट कुठेच दिसलेलं नाही. या कथेचा मोठा दोष असा की डॉक्टर आणि त्याची सोबतीण पेरी अर्धा वेळ बर्फातून चालतच राहतात. डॅव्हरॉसच्या क्रमवारीत तो दोष मोजायचं कारण नाही.

दुसरा क्रमांक २०१५ च्या जोडकथेचा: ‘द मॅजिशियन्स ॲप्रेंटिस’ आणि ‘द विचेस फॅमिलिअर’, लेखक स्टीव्हन मॉफॅट. सुरुवातीलाच धुरकट रणांगणावर एक मुलगा अडकलाय. चिखलातून हात वर आलेत, प्रत्येकाच्या तळव्यात एक डोळा, आणि पाय चुकला तर ते खाली ओढून नेणार. कुठूनसा डॉक्टर येतो, दुरून धीर देतो, हजारात एक का होईना पण वाचण्याची शक्यता आहे, त्या एकावर लक्ष ठेव म्हणतो आणि नाव विचारतो. मुलगा म्हणतो, डॅव्हरॉस. पुढच्या क्षणी डॉक्टर तिथे नसतो.

कित्येक शतकांनी मरणशय्येवरचा डॅव्हरॉस त्याला बोलावून घेतो. दुसरा भाग बराचसा त्या एका खोलीत घडतो. डॉक्टर झालेला पीटर कपाल्डी आणि ब्लीच, दोन म्हातारे, एक मरायला टेकलेला. डॉक्टरचा ग्रह नष्ट झाला नव्हता हे कळल्यावर डॅव्हरॉस त्याचं अभिनंदन करतो, माणसाला आपली माणसं असावीत म्हणतो. मी चांगला माणूस होतो का, असं विचारतो. तू काही फार चांगला डॉक्टर नाहीस, अशी कोटी करतो आणि दोघं खळखळून हसतात. मग तो आपले खरे डोळे उघडतो. चाळीस वर्षांत कुणी पाहिले नव्हते असे ओलसर, थकलेले माणसाचे डोळे. त्याला सूर्योदय स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असतो. डॉक्टर आपल्यातली थोडी नवजीवनाची शक्ती त्याला द्यायला पुढे होतो, आणि फास आवळला जातो. सगळं ढोंग होतं.

सगळं? इथे कथेची खरी गंमत आहे. त्या अश्रूंतले किती खरे याचा हिशेब लेखकाने लावून दिलेला नाही, आणि मी हे पुन्हा पाहतो तेव्हा दर वेळी वेगळ्या निष्कर्षाला येतो. डॉक्टरलाही फास दिसत होता. स्कारोच्या गटारांत जुने, कुजलेले, पण मरत नसलेले डालेक पडून आहेत, शक्ती त्यांनाही मिळते आणि ते वर चढून येतात. डालेकांना मरण नाही, म्हणून म्हातारपण गटारात. आपल्या पूर्वजांची त्यांनी लावलेली ही व्यवस्था डॅव्हरॉसच्या शिकवणीचं साधं गणित आहे. पहिल्या भागातलं भुलभुलैया कथानक आणि रणगाड्यावर बसून गिटार वाजवत आलेला डॉक्टर एवढं सोडलं, तर डॅव्हरॉसला मिळालेलं हे सर्वात मोठं संभाषण आहे.

आणि वर १९७५ ची ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’. सहा भाग, ८ मार्च ते १२ एप्रिल. लेखक नेशन, दिग्दर्शक डेव्हिड मॅलोनी. निवड अनपेक्षित नाही, मान्य. पण नुसती पहिली म्हणून ती वर बसवलेली नाही.

स्कारोवरच्या कालेड आणि थाल या दोन जमातींचं युद्ध हजार वर्षं चाललंय. सुरुवातीला प्रगत शस्त्रं होती, आता खंदकातले सैनिक जे सापडेल ते वापरतात. कालेड काळ्या गणवेशात, टाचा आपटून सलाम ठोकणारे. दुसरं महायुद्ध झालं तेव्हा नेशन कार्डिफमध्ये लहानाचा मोठा होत होता, आणि डालेक हे नाझींवरूनच बेतलेत हे त्याने लपवलं नाही. टाइम लॉर्ड डॉक्टरला इथे पाठवतात: डालेक जन्मायच्या आधीच त्यांना थांबव. डॅव्हरॉस तळघरातल्या प्रयोगशाळेचा सर्वेसर्वा आहे. सरकार त्याच्या प्रयोगांची चौकशी करायचं म्हणतं, तर तो स्वतःच्याच शहराचं संरक्षण कसं फोडायचं याचं सूत्र शत्रूला देतो. शहर बेचिराख होतं. डालेक जगावेत म्हणून त्याने आपलीच जात मारली आणि ठपका दुसऱ्यावर ढकलला. पुढे सहकारी विरोधात गेले तर तो मतदान घेऊ देतो, लोकशाही मान्य असल्यासारखा नम्र होतो. विरोधक उघडे पडले की डालेक आत सोडतो. मान तुकवणं हा त्याच्यासाठी वेळ काढायचा एक प्रकार आहे, हे पीटर माइल्सने केलेल्या नायडर या थंड उजव्या हातालाही समजायला वेळ लागतो.

मायकेल विशरने तालमीत डोक्यावर कागदी पिशवी चढवून सराव केला, चेहरा नसताना काम कसं होतं ते कळावं म्हणून. जॉन फ्रीडलँडरने बनवलेल्या मुखवट्यातून त्याच्याकडे फक्त ओठ आणि उजवा हात उरणार होता. त्या दोनच गोष्टींतून काय होऊ शकतं ते पाचव्या भागात दिसतं. डॉक्टर त्याला एक काल्पनिक प्रश्न टाकतो: समजा तू असा विषाणू बनवलास की तो बाहेर पडला तर सगळी जीवसृष्टी संपेल, तर तो बाहेर सोडशील? डॅव्हरॉस आधी शास्त्रज्ञासारखा विचार करतो. कल्पना मनोरंजक आहे म्हणतो. मग हात वर येतो, अंगठा आणि बोट यांत जणू ती इवलीशी कुपी धरलेली. आवाज हळू. बोटांचा एवढासा दाब, आणि सगळं संपलं. तो त्या दाबाची कल्पना करत जातो तसा आवाज चढत जातो आणि शेवटी किंकाळी होते: होय, मी करेन, ती सत्ता मला देवांच्याही वर नेईल. डॉक्टर झालेला टॉम बेकर काही बोलत नाही, पण आपण कोणाशी बोलतोय हे त्याला कळल्याचं आपल्याला दिसतं. लगेच तो डॅव्हरॉसचा हात पकडून त्याला जिवंत ठेवणाऱ्या यंत्राच्या बटणापर्यंत पोचतो. वाद संपला, आता जबरदस्ती. दोन मिनिटांत दोघांचं सगळं चरित्र मांडून झालं.

सहाव्या भागात डॉक्टरच्या हातात दोन तारा आहेत. त्या जोडल्या की डालेकांची अख्खी उबवणी उडेल. तो थांबतो आणि विचारतो, मला हा हक्क आहे का? हा प्रसंग मालिकेतला सर्वाधिक उद्धृत प्रसंग असावा, पण त्याला वजन आलंय ते आधीच्या भागामुळे. एकाने बोटाच्या दाबाने सगळं संपवायला क्षणाचाही विचार केला नाही, दुसऱ्याला दोन तारा जोडवत नाहीत. २०१५ च्या कथेत डॉक्टर मरणशय्येवरच्या डॅव्हरॉसबरोबर या जुन्या आठवणीचंच ध्वनिमुद्रण ऐकतो, ते काही उगाच नाही.

मग डालेक हुकूम ऐकेनासे होतात. डॅव्हरॉस आपल्या शास्त्रज्ञांवर दया करा म्हणतो, आणि डालेक उत्तर देतात की हा शब्द त्यांच्या कोशात नाही. कोश कोणी भरला होता? त्यानेच. चाळीस वर्षांनी मॉफॅटने याच जागी बोट ठेवलं. त्याच्या कथेत डालेकाच्या कवचातून ‘कृपा’ हा शब्द ऐकू येतो, डॉक्टर चमकतो, तो शब्द यांच्यात आला कुठून याचा विचार करतो आणि उत्तर शोधत त्या रणांगणावरच्या मुलाकडे परत जातो. त्या मुलाला त्याने वाचवलं, म्हणून तो शब्द आत राहिला. दोन्ही कथा लागोपाठ पाहिल्या तर बाकीच्या सहा नसत्या तरी चाललं असतं असं वाटायला लागतं, निदान ‘रेव्हलेशन’ आठवेपर्यंत.

‘जेनेसिस’मध्ये एक मोठी खोट आहे, ती नवीन प्रेक्षकाला आधीच सांगितलेली बरी. मधल्या एका भागात डॉक्टरचा सोबती हॅरी याचा पाय गुहेतल्या एका राक्षसी शिंपल्यात सापडतो. शिंपला अगदीच पुठ्ठ्याचा वाटतो, त्याचा कथेशी काडीचा संबंध नाही, आणि नट बिचारे जिवाच्या आकांताने ओढाताण करत असतात. तेवढ्यात उठून पाणी पिऊन या.